ध्रुवयानातला धनगर

पिशोर मित्रमंडळाच्या मेळाव्यात दरवर्षी मधुमेहावर व्याख्यान व्हायचं आणि व्याख्यान संपलं की गुलाबजाम वाटले जायचे. या क्रमात कुणाला कधी काही खटकलं नाही. पोटापाण्यासाठी गाव सोडून संभाजीनगरात आलेली आणि आता नोकऱ्या-धंद्यांतून मोकळी झालेली ही मंडळी वर्षातून एकदा सिडकोतल्या एका लहानशा मंगल कार्यालयात जमायची, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि पिशोर आता पहिल्यासारखं राहिलं नाही यावर एकमत करून आपापल्या घरी जायची.

यंदा मात्र ज्या डॉक्टरांचं व्याख्यान ठरलं होतं, त्यांचीच साखर वाढली आणि त्यांना सक्तीची विश्रांती मिळाली. अध्यक्ष तात्यासाहेबांनी तातडीची बैठक घेतली. तात्यासाहेब शिक्षण खात्यातून निवृत्त झाले होते, पण बैठकांतून नव्हते. त्यांच्या दिवाणखान्यात दहा-बारा म्हातारी माणसं बसून चहाचे कप रिकामे करत होती आणि कुणाला काही सुचत नव्हतं. अखेर रत्नमालाबाईंना सोडायला आलेली त्यांची नात मोनाली म्हणाली, "तुम्ही सगळे भेटलात की ध्रुवयान, ध्रुवयान करता ना? त्याचे सगळे भाग इंटरनेटवर आलेत. पडदा लावून दाखवू की."

मग सगळे एकदम बोलले.

ध्रुवयान ही दूरदर्शनवरची अंतराळयानाची हिंदी मालिका. चाळीस वर्षांपूर्वी ती रविवारी सकाळी लागायची, आणि तेवढ्या वेळात पिशोरात म्हैस व्यायली तरी तिच्याकडं कुणी बघत नसे. टीव्ही एकच, ग्रामपंचायतीचा. तो लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला असायचा. पेटी उघडली की मुंजाबा पंचायतीच्या छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून गाव ओरडायचं, "आलं, आलं, गेलं, आलं." अँटेना सोडली की चित्र जायचं, म्हणून मुंजाबाला शेवटपर्यंत वरच थांबावं लागे. आणि सगळं जमून आलं, यान एखाद्या ग्रहाजवळ पोचलं, की हमखास लाइट जायची.

लाइट गेली म्हणून गोष्ट मात्र अडत नसे, कारण गावात जोहरा होती. कापडवाल्या निजामुद्दीनभाईंची ही थोरली मुलगी. लाइट असतानाही मालिकेतली ती संस्कृतात भिजवलेली हिंदी गावाला समजावून सांगायचं काम तिच्याकडंच असे. जोहराच्या हिंदीचा आणि त्या हिंदीचा काही संबंध नव्हता, पण गावाला दोन्ही सारख्याच दूरच्या. तिचा भाऊ हारिस शहरात शहागंजला घड्याळाच्या दुकानात कामाला होता. शहरातली लाइट शहाणी. तिथं मालिका पुरी दिसायची. हारिस दुपारच्या एसटीनं घरी यायचा, राहिलेलं जोहराला सांगायचा, आणि ऊन उतरलं की जोहरा पंचायतीच्या ओट्यावर उभी राहून ते गावाला सांगायची. माणसं सकाळच्याच जागा धरून बसायची. रिकामी पेटी समोर तशीच असायची.

तात्यासाहेबांनी लगेच नियम घातला. मालिका सगळी दाखवायची तर मंगल कार्यालय दोन दिवस घ्यावं लागेल; तेव्हा प्रत्येकानं आपला आवडता प्रसंग सांगायचा, हात वर करून मतं घ्यायची, आणि जिंकेल तो प्रसंग पडद्यावर. मतदान घेतल्याशिवाय तात्यासाहेबांना चहासुद्धा गोड लागत नसे.

"मला तो दगडाचा राक्षस दावा," मुंजाबा म्हणाला. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवल्यामुळं त्याचा आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जायचा. "त्याचा हात तुटतो अन् कप्तान त्योच हात त्याच्या टाळक्यात हाणतो."

"थर्माकोल होतं ते," तात्यासाहेब म्हणाले.

"मंग? राक्षसाच्या अंगात थर्माकोल नसावं असा कायदा हाय का?"

तात्यासाहेबांचा स्वतःचा आवडता प्रसंग परग्रहावरच्या ध्वजवंदनाचा होता. त्याला त्यांचं एक मत पडलं. मग रत्नमालाबाई बोलायला लागल्या. त्या हळू बोलत, पण तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यामुळं त्या बोलू लागल्या की माणसं आपोआप गप्प बसत.

"यानातली ती इंजिनिअर पोरगी. वसुधा," त्या म्हणाल्या. "यान इतकं लांब निघालंय की पुढं शब्द पोचायलाच बारा वर्षं लागणार. शेवटचं बोलायला तिच्या बापाला बोलावतात. बाप धनगर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तसाच त्या काचेच्या खोलीत येतो. साहेबलोकांना वाटतं, म्हातारा आता रडणार, पोरीला माघारी बोलवणार. म्हातारा काचेत बघतो अन् एवढंच इचारतो, 'तिथं पाणी हाय का गं?' ती म्हणते, हाय. 'मंग जा,' म्हणतो. 'पाणी असंल तिथं माणूस ऱ्हातं. आम्ही जन्मभर दुसरं काय केलं?'"

कुणीतरी नाक ओढलं. राक्षसवाले सुद्धा फुटले. मुंजाबानं दोन्ही हात वर केले. तात्यासाहेबांना एकच मोजायचा की दोन, असा प्रश्न पडला. फक्त कोपऱ्यात बसलेल्या जोहराचा हात मांडीवर राहिला.

"जोहराबी, तुमचं मत?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"मेरेकु कुछ याद नै," जोहरा म्हणाली आणि बशीतलं बिस्कीट चहात बुडवू लागली.

रत्नमालाबाईंना ते लागलं. सगळ्या गावाचा हात वर जावा आणि आपल्या मैत्रिणीचा जाऊ नये, तेही याच प्रसंगाला. जोहरालाच तर ठाऊक होतं, की तो प्रसंग नसता तर रत्नमाला आज पिशोरात शेण काढत असती.

तेव्हा ती तिथली नवी सून होती. मॅट्रिक झालेली, आणि नर्सच्या ट्रेनिंगला शहरात निवड झालेली. नवरा बद्रीनाथ म्हणे, बाप सांगेल तसं. बाप म्हणजे मामंजी, खंडेराव. ते काहीच सांगत नव्हते. भावकी मात्र रोज संध्याकाळी येऊन सांगत होती, की धनगराची सून शहरात एकटी राहिली तर पोरींना स्थळं यायची नाहीत. जायची तारीख जवळ येत होती आणि रत्नमाला विहिरीवर जोहराच्या गळ्यात पडून रडत होती. अशाच एका रविवारी लाइट गेली, आणि दुपारनंतर जोहरानं ओट्यावर उभं राहून हा प्रसंग सांगितला. खंडेराव कडेला घोंगडीवर बसले होते. ऐकून झाल्यावर ते उठले, घोंगडी झटकली आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपली सून तर एसटीनं चाललीय. तिला काय बारा वर्षं लागत नाय."

दुसऱ्या दिवशी सासूनं, म्हाळसाबाईनं, माळ्यावरची ट्रंक काढून पुसली. भावकीतलं कुणी पुन्हा आलं नाही. सरकारी टीव्हीवरच्या धनगरानं जिथं परवानगी दिली, तिथं पिशोरचा धनगर काय बोलणार?

रत्नमालाबाई ही हकिगत नातवंडांना सांगत, परिचारिकांच्या निरोप समारंभात सांगत, बसच्या रांगेत शेजारी उभी असलेल्या बाईलाही सांगत. फक्त एक खंत होती. प्रसंग त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. बाकीच्यांनी मात्र चाळीस वर्षांत तो पाहून घेतला होता. आता मेळाव्यात, मोठ्या पडद्यावर, तो एकदा डोळ्यांनी बघायला मिळणार होता. त्यांनी कपाटातली मोतिया रंगाची साडी इस्त्रीला दिली.

मेळाव्याला दोन दिवस राहिले असताना मोनाली त्यांच्यापाशी येऊन बसली. फार गोड बोलत होती, तेव्हाच रत्नमालाबाईंना शंका आली.

"आजी, तो भाग सापडला. वसुधाचा बाप आहे त्यात. पण तो..." मोनालीनं मोबाइल पुढं केला.

काचेच्या खोलीत एक गृहस्थ आला. कोट, टाय, सोनेरी चष्मा. त्यानं पडद्याकडं बघून म्हटलं, "पुत्री, राष्ट्र को तुम पर गर्व है. ऑल द बेस्ट." आणि घड्याळात बघून तो निघून गेला. यानानं वळण घेतलं. जाहिराती लागल्या.

"दुसरा कोणता भाग असंल," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"सगळे बघितले, आजी. पळवत पळवत, पण सगळे. धनगर कशातच नाही. मेंढीसुद्धा नाही."

रत्नमालाबाईंनी मोबाइल उलटा ठेवला. दिल्लीत बनलेल्या यानाच्या मालिकेत घोंगडीवाला धनगर आला कुठून, आणि तो कन्नड तालुक्याच्या बाजूचं मराठी बोलला कसा, हा प्रश्न चाळीस वर्षांत त्यांना पडला नव्हता. खंडेराव तर तेव्हा म्हणालेही होते, "गडी सोयगावाकडचा दिसतोय." आणि सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या.

प्रसंग हुकला याचं दुःख होतंच. पण खरी भीती निराळी होती. मुंजाबा खंडेरावांचा सख्खा पुतण्या. त्याच्या बापानंच तेव्हा ट्रेनिंगला सगळ्यात जास्त आडकाठी केली होती. परवा पडद्यावर टायवाला आला की मुंजाबा भर सभेत म्हणणार, चुलता लई शहाणा समजायचा सोताला, कापडवाल्याच्या पोरीनं बघा कसा गंडवला. आणि लोक हसणार. मग खंडेराव म्हणजे सुनेला पाठवणारा पहिला सासरा नव्हे, थापेला भुललेला म्हातारा. त्या माणसावर पिशोर हसणार, हे त्यांना नको होतं.

त्या रिक्षा करून शहागंजला गेल्या. जोहरा मुलाकडं राहत होती. सून जन्नत चहा ठेवून आत गेली, तोवर रत्नमालाबाई तिच्या अभ्यासाची, पोरांच्या शाळेची चौकशी करत राहिल्या. जन्नत दिसेनाशी होताच म्हणाल्या, "जोहरे, हारिसभाईनं तुला काय सांगितलं होतं?"

"कब?"

"धनगराच्या येळी."

जोहरानं पानदान जवळ ओढलं. "हारिसभाई इतवार को बारा बजे तक सोता था. मग उठून सरळ एसटी. त्यानं ध्रुवयान एकदा बी नै देखा."

"एकदा बी नाय?"

"एकदा देखा. बोला, क्या डब्बा है."

"मंग तू दर रविवारी गावाला सांगायचीस ते?"

"अगे, पूरा गाव सामने आके बैठ जाता था. खाली हात कैसे भेजती? तू ग्रहावरच्या विहिरीला बी रडली होतीस. ग्रहावर विहीर असती का? गिरणीवाली चेटकीण आठवती? ती आमची खाला, अम्मीची बहीण."

रत्नमालाबाईंना चेटकीण चांगली आठवत होती. तिला त्या दोन आठवडे भ्यायल्या होत्या.

"अन् धनगर?" त्यांनी विचारलं.

"तू रोज विहिरीवर येऊन रडायचीस. मेरे दुपट्टे का पोतेरं हो गया था," जोहरा अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाली. "फिर सोची, तेरा सासरा किसका सुनता? भावकीचं नै, बायकोचं नै. धनगर का सुनेगा. तो धनगर को बुलाई."

"म्हंजी मामंजींना तू गंडवलंस."

जोहराचा अडकित्ता थांबला. "कौन बोला गंडवलं?"

"पडद्यावर टायवाला येणार परवा. सगळं गाव बोलंल."

"रत्ने, तेरेकु एक बात बोलू? त्याच दिवशी, दिवे लागायच्या आधी, खंडेरावमामा आमच्या दुकानात आले. अब्बा नव्हते. मेरी तो जान निकल गयी. मामा कापडाचा तागा उगीच इकडून तिकडं केले, अन् हळूच म्हणाले, 'पोरी, धनगर झकास जमलाय तुझा. पन एक चुकलं. मेंढरं रानात सोडून धनगर असा कुनाच्या बोलावण्यावर जात नसतो. आधी ती कुनाच्या तरी हवाली करतो. पुढच्या येळी तेवढं घाल.'"

आत जन्नतनं मिक्सर लावला आणि बंद केला.

"म्हंजी त्यांना ठावं होतं," त्या म्हणाल्या.

"हौ. सगळ्यात आधी त्यालाच कळलं. त्याला मेंढरं माहीत, बाकीच्यांना टीव्ही."

"मंग ओट्यावर तसं का म्हणाले? एसटीचं?"

"पाठवायचं त्याच्या मनात होतंच. भावकीपुढं पैला कौन बोलेगा? सरकारी टीव्ही बोला, तो बोलायला मोकळा झाला." जोहरानं पान दुमडून रत्नमालाबाईंच्या हातावर ठेवलं. "मग मी हात कशी वर करू गं? अपने ही सीन को वोट देना, शरम नै आती?"

"तात्यासाहेबांनी दिलं की सोताच्या प्रसंगाला."

"उनकी बात अलग है. वो अध्यक्ष हैं."

"इतकी वर्षं मला का नाय सांगितलंस?"

"मामा बोला था, सुनेला सांगू नको, ती सगळीकडं सांगत सुटंल." जोहरा हसली. "गलत बोला था क्या?"

रत्नमालाबाईंनी हातातल्या पानाचा देठ मोडला. "बोल तू," जोहरा म्हणाली. "मैं परसों सबके सामने बोल दूँ? खोटं होतं म्हणून?"

रत्नमालाबाईंनी पान गालात सारलं. मुंजाबाला सगळं सांगावं, मामंजी कसे शहाणे होते ते दाखवावं, असं एकदा वाटलं. पण मग जे मामंजींनी जन्मभर झाकून ठेवलं ते आपणच चव्हाट्यावर मांडल्यासारखं झालं असतं. आणि भावकीपुढं त्यांना टीव्हीचा आडोसा घ्यावा लागला हे ऐकून मुंजाबा हसलाच असता.

"बघू," त्या म्हणाल्या. "काय होतंय ते बघू."

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयात पडदा लागला. मोनालीनं लॅपटॉप जोडला. तात्यासाहेबांनी अंतराळ संशोधनाचा वैदिक काळापासून आढावा घेतला, तो गुलाबजामांचा वास आल्यावर थांबला. रत्नमालाबाई मोतिया साडी नेसून पहिल्या रांगेत जोहराच्या शेजारी बसल्या होत्या.

यान आलं. वसुधा आली. काचेची खोली आली. दार उघडलं आणि कोट-टायमधला गृहस्थ आत शिरला, राष्ट्राला गर्व असल्याचं सांगून आणि घड्याळ बघून बाहेर पडला. मोनालीनं चित्र थांबवलं आणि आजीकडं बघितलं.

रत्नमालाबाईंनी मागं वळून मुंजाबाकडं पाहिलं. तो उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"कापलंय," मुंजाबा म्हणाला.

"काय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"धनगर कापला यांनी. त्याच्या जागी ह्यो कोटवाला घातला. मी या डोळ्यांनी बघितलेला सीन हाय. काळी घोंगडी होती, पांढऱ्या काठाची. काठीला पितळंची कडी होती."

"बरोबर हाय, कडी होती," मागून कुणी म्हणालं.

"डोक्याला पागोटं होतं. तांबडं," आणखी एक बाई म्हणाल्या.

"आपला माणूस टीव्हीवर दिसला की कुणाच्या तरी पोटात दुखतंच."

पाहता पाहता सगळ्या सभेनं धनगर पाहिलेला निघाला. ज्यानं सबंध मालिका छपरावर, टीव्हीकडं पाठ करून, अँटेना धरून काढली होती, त्याला तर धनगराच्या वहाणासुद्धा आठवत होत्या. रत्नमालाबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याच क्षणी त्यांना या माणसांची थोडी कीवही आली. मग वाटलं, परवापर्यंत आपणही यांच्यातच होतो की.

तात्यासाहेबांना असा क्षण वर्षातून एकदाच मिळे. त्यांनी माइक हातात घेतला. "पिशोर मित्रमंडळाची ही सभा, ध्रुवयान मालिकेतील धनगर पित्याचा हृदयस्पर्शी प्रसंग वगळल्याबद्दल तीव्र निषेध व्यक्त करते. सूचक, मुंजाबा. अनुमोदन?"

सगळ्यांच्या नजरा रत्नमालाबाईंकडं वळल्या. प्रसंग त्यांचा होता. त्यांनी जोहराकडं पाहिलं. जोहरा चष्मा पुसत होती.

"अनुमोदन," रत्नमालाबाई म्हणाल्या.

हात वर गेले. या वेळी जोहराचाही गेला, आणि सगळ्यांत उंच गेला.

"एकमतानं मंजूर," तात्यासाहेब म्हणाले. "आता वगळलेल्या प्रसंगाचा तपशील निषेधासोबत जोडावा लागेल. जोहराबी, तो तुम्हाला आता तरी आठवतो का?"

"थोडा थोडा," जोहरा म्हणाली.

ती पडद्यापुढं जाऊन उभी राहिली. मागं कोटवाल्याचं अर्धवट थांबलेलं चित्र होतं, त्याच्या टायवर तिची सावली पडली. गुडघ्यामुळं तिनं खुर्चीची पाठ धरली, घसा खाकरला, आणि मग चाळीस वर्षांपूर्वी पंचायतीच्या ओट्यावरून निघायचा तोच आवाज निघाला. पोरं मोबाइल बाजूला ठेवून ऐकू लागली. वाढपी गुलाबजामांची परात हातात घेऊन दारात थांबला.

"डोंगरावर माणूस येतो अन् म्हणतो, चल, तुझ्या पोरीशी बोलायचं हाय. म्हातारा उठत नाय. म्हणतो, थांब. शेजारच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याला हाक मारतो. त्याच्या हवाली मेंढरं करतो, एकेक ओळखीची. कोणती लंगडती, कोणती गाभण, कोणती कुत्र्याला भिती, सगळं सांगतो. मग घोंगडी खांद्यावर टाकतो अन् निघतो. मागं वळून बघत नाय."

मग काचेची खोली आली, साहेबलोक आले, पाणी आलं. "मंग जा" आलं. रत्नमालाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या समोर बघत होत्या, कोटवाल्याच्या जरा डावीकडं, जिथं पडदा मोकळा होता.

जोहरा खाली बसल्यावर टाळ्या पडल्या. मुंजाबा मात्र कपाळाला आठ्या घालून बसला होता. टाळ्या थांबल्यावर तो पुढं वाकला.

"वहिनी, ते मेंढरं हवाली करायचं तवा नव्हतं," तो म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. ते नवीन घातलं जोहराबीनं."

"होतं," रत्नमालाबाई म्हणाल्या. "तू छपरावर होतास."